डोळा आईचा, सही माझी

आज सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी होणार आहे, कंटाळा येणाऱ्यांनी इथूनच पुढे सरकावं.

आईला मोतीबिंदूसाठी दाखवायला नेलं होतं. चकाचक हॉस्पिटल, टोकनचा डिस्प्ले, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. डॉक्टरांनी आईचा डोळा तपासला आणि मला विचारलं, "आजींना शुगर आहे?" आई आमच्या दोघांच्या मध्ये बसलेली. तीच म्हणाली, "शुगर नाही, बीपी आहे. गोळी सकाळची." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न पुन्हा मलाच. "आजींना रात्री झोप लागते ना?" मला काय माहीत!

मग काउन्सेलिंग. म्हणजे एक मुलगी, लॅमिनेट केलेला कागद आणि तीन पॅकेजं. साधी लेन्स, भारी लेन्स, आणि सगळ्यात भारी, जिच्यात लांबचं-जवळचं दोन्ही दिसतं म्हणे. कागद माझ्याकडे तोंड करून ठेवलेला. आईने मध्येच विचारलं, "सुईत दोरा ओवता येईल का?" मुलगी हसली. "सगळं छान दिसेल आजी." आणि लगेच मला, "सर, मेडिक्लेम आहे?"

आईने चाळीस वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवलेत. अजून नातवंडांच्या गोधड्या शिवते. दुपारी एका डॉक्टर मित्राला फोन केला तेव्हा कळलं की साधी लेन्स बहुतेक वेळा लांबचं दिसेल अशा नंबरची बसवतात, मग जवळच्या कामाला चष्मा लागतोच. जवळचं दिसेल अशीही बसवता येते, मग लांबला चष्मा. ती सगळ्यात भारीवाली बसवली की काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. म्हणजे कुठली लेन्स बसवायची हे ही बाई दिवसभर काय करते यावर ठरतं. आणि ती दिवसभर काय करते, हे तिथे तिला एकानेही विचारलं नाही.

शेवटी संमतीपत्राचा टॅब पुढे आला. "सर, इथे बोटाने सही करा." म्हटलं, पेशंट त्या आहेत. "हो सर, पण सिस्टीममध्ये रिलेटिव्हची लागते." अहो, माझी आई सातवी शिकलेली आहे, पोस्टाच्या पासबुकावर स्वतः सही करते! मी सही केली नाही. आईला घेऊन बाहेर आलो आणि आम्ही उसाचा रस प्यायलो.

आता तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीवर काय चिडायचं. खरं तर मी चिडलोय तो त्या मुलीवर नाही. मला अण्णा आठवले, माझे वडील.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं, मला आत घेतलं आणि दार लावलं. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "गाठ आहे साधी. शेक घ्यावा लागेल थोडे दिवस." रेडिएशनला आम्ही घरात "शेक" म्हणायचो. फाइलीवर विभागाचं नाव छापलेलं होतं, म्हणून मी तिला खाकी कव्हर घातलं. अण्णांनी ती फाइल हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "शाळेत असताना मी घालून द्यायचो तुला, तसंच घातलंयस की." एवढंच. मी मान खाली घातली. ज्या माणसाने जन्मभर भरल्या गाडीत एका नजरेत बिनतिकीटवाला ओळखला, त्याला मी फसवत होतो.

समीरा कोहली खटला कुणी ऐकलाय का? सर्वोच्च न्यायालय, २००८. बाई तपासणीसाठी भुलीखाली होत्या, बाहेर त्यांच्या आईची परवानगी घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. बाई चव्वेचाळीस वर्षांच्या, सज्ञान, थोड्या वेळात शुद्धीवर येणाऱ्या. कोर्ट म्हणालं, जिवावर बेतलेलं नव्हतं, तर थांबायचं होतं. आईची संमती ही त्यांची संमती नाही. इतकं साधं. त्याला किती वर्षं झाली? आणि अजून "सिस्टीममध्ये रिलेटिव्हची लागते".

बरं, डॉक्टरांची बाजूही आहे, मान्य. कानशिलात मारणारे नातेवाईकच असतात, पेशंट नव्हे. महाराष्ट्रात २०१० ला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. १९९५ ला डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, तेव्हापासून कागद जपणं त्यांनाही भाग पडलं. पण म्हणून संमतीपत्र म्हणजे हॉस्पिटलची छत्री? पाऊस आला की उघडायची, आणि पेशंट बाहेर भिजतोय.

आणि डॉक्टरांच्या नियमावलीतच गोम आहे. २००२ च्या नियमांत लिहिलंय की आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. झकास. पुढे म्हणतात, ही माहिती रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना असावी, रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताची होईल इतपत. तो "किंवा" बघा. त्या "किंवा"मधून आमच्या घरात "शेक" आला.

(अण्णांना जबाबदार मित्रही होता. डेपोतला ड्रायव्हर. त्यालाही आम्ही शपथ घातली होती.)

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या परिचारिका अरुणा शानबाग आठवतात ना? १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला मार बसून बोलणं-समजणं गेलं, २०१५ मध्ये त्या गेल्या. बेचाळीस वर्षांच्या आसपास तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं, पाठीला जखम होऊ दिली नाही म्हणतात. २०११ मध्ये कोर्टाने दयामरणाचा अर्ज फेटाळला, कारण त्यांच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या लोकांचा धरला आणि त्यांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. त्या परिचारिकांपुढे मी हात जोडतो. पण तिथे विचारण्याची सोयच उरली नव्हती. अण्णा तर बोलत होते! तोंड दुखत असतानाही बोलत होते.

काय बोलत होते सांगू? "एकदा दादाकडे जाऊन येऊ." दादा म्हणजे माझे मोठे काका. वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं. मी म्हणायचो, "बरे व्हा, मग जाऊ." तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले. पुन्हा विषय काढला नाही. माझं नाटक मोडू नये म्हणून गप्प बसले असणार, असं मला आता वाटतं. काका आले ते तेराव्याला.

त्यांना कळलं असतं तर ते खचले असते, असं आई अजून म्हणते. असेलही. काही माणसं खचतात, काहींना खरंच ऐकायचं नसतं. मग निदान "तुम्हाला ऐकायचंय का" एवढं तरी विचारा की! तेही आम्ही विचारलं नाही.

गेल्या वर्षी मी स्वतःचं लिव्हिंग विल केलं. उद्या मला बोलता आलं नाही तर व्हेंटिलेटरवर किती ताणायचं, ते लिहून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे मॅजिस्ट्रेटपर्यंत जावं लागायचं, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. नोटरीने कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "मुलांची संमती आहे ना याला?" तेव्हा हसू आलं होतं. आज येत नाहीये.

मघाशी जेवताना आईला सगळं सांगितलं, लेन्सचं, नंबरचं, वलयांचं. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "लांबचं काय बघायचंय आता मला? बस ओळखायला तू आहेस. मला जवळचं दे." पाच मिनिटं लागली. पाच.

उद्या साडेदहाची वेळ घेतलीय, दुसरीकडे. प्रश्न तीच विचारणार आहे. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून काढलेत. मी बघायला गेलो तर कागद उशीखाली सारला.