‘मनाने ठरवले की शरीर येतेच’ या विधानाचा प्रतिवाद

दीर्घ अंतराच्या ट्रायथलॉनविषयी एक संदेश बराच फिरतो आहे. ही ९० टक्के मनाची स्पर्धा आहे, थकलो असे वाटते तेव्हा शरीराची फक्त ४० टक्के शक्ती खर्च झालेली असते, दुखण्याकडे दुर्लक्ष करावे आणि तहानेची वाट न पाहता भरपूर पाणी प्यावे, असा त्याचा आशय आहे. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे या स्पर्धेतील सलग तीन टप्प्यांसाठी महिनोन्‌महिने सराव करणारी माणसे असे संदेश मनावर घेतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासले पाहिजे.

४० टक्क्यांच्या आकड्याला शरीरशास्त्रात आधार नाही. शरीर पूर्ण रिकामे होण्याआधीच मेंदू थकव्याची जाणीव करून देतो, हे खरे आहे. परंतु शिल्लक किती, हे ऊन, झोप आणि आहार यांप्रमाणे रोज बदलते. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवतात, म्हणजे जेमतेम २००० किलोकॅलरी, आणि स्पर्धेचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. तो भरून काढण्यासाठी तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पचवण्याची सवय आतड्यांना सरावातच लावावी लागते. इच्छाशक्तीने पचन होत नाही. १९८२ साली हवाईमधील अशाच ट्रायथलॉनमध्ये ज्युली मॉस ही स्पर्धक महिलांमध्ये आघाडीवर असताना अंतिम रेषेजवळ कोसळल्या आणि रांगत दुसऱ्या आल्या. त्यांच्या जिद्दीविषयी मला नितांत आदर आहे, पण जिद्द पुरेपूर असूनही पायांनी साथ सोडली, हेही त्याच प्रसंगात दिसते.

सर्वांत घातक सल्ला दुखण्याविषयीचा आहे. हृदय, रक्ताभिसरण आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडे आणि स्नायुबंध यांना मात्र महिने लागतात. त्यामुळे दम टिकू लागला की अंतर वाढवण्याचा मोह होतो आणि नडगीचे हाड नेमके त्याच काळात सर्वाधिक नाजूक असते. माझ्या नडगीत बोटभर जागेत उठणारी कळ मी तीन आठवडे ‘मनाचा कमकुवतपणा’ समजून दाबली आणि पुढे कित्येक आठवडे धावणे बंद ठेवावे लागले. मांडीभर पसरलेला, दोन दिवसांत ओसरणारा ठणका आणि एकाच ठिकाणी पावलागणिक वाढणारी कळ यांतला फरक ओळखता येणे हे सरावातले मोठे कौशल्य आहे.

पाण्याबाबत एवढेच की गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घटते, मेंदूला सूज येऊ शकते आणि यात सहनशक्तीच्या स्पर्धांमध्ये मृत्यूही झाले आहेत.

उरले मन. त्याचे महत्त्व मी नाकारत नाही, परंतु तेही थकते. व्यायामशास्त्राचे संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या प्रयोगात ९० मिनिटे बौद्धिक काम केलेल्या व्यक्ती सायकलवर लवकर थांबल्या. हृदय आणि फुप्फुसांच्या मोजमापांत त्याचे कारण सापडले नाही, मात्र तेच श्रम त्यांना अधिक कठीण वाटले. दिवसभराच्या कामानंतर सरावाला उतरणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवे. शिवाय अशा सरावात मनाची खरी कसोटी जोर लावण्यात क्वचितच लागते. ती लागते हलक्या दिवशी इतरांना पुढे जाऊ देऊन स्वतःचा वेग मुद्दाम कमी ठेवताना, आणि तापातून उठल्यावर बुडालेला आठवडा भरून न काढता सरावाच्या ठरलेल्या तक्त्यातील त्या आठवड्यावर रेघ मारताना.