चौघात एकच कात्री

बेंदूर (आपल्याकडचा बैलपोळा) होऊन दहा दिवस झाले तरी आमच्या दुसरीच्या वर्गाच्या खिडकीत अजून सोळा बैल उभे आहेत. मातीचे. त्यातल्या तिघांना एकेक शिंग नाही, एकाची शेपटी फेविकॉलनं चिकटवलीय आणि एका जोडीतला एक बैल दुसऱ्यापेक्षा अर्धं बोट बुटका आहे, त्यामुळं त्यांच्या मानेवरचं जू तिरकं बसलंय. ते जू मी सरळ करून देत नाहीये, पोरं पण करू देत नाहीयेत. का ते सांगायला आज लिहायला बसलेय, जरा मोठं होणारे, वेळ असेल तर वाचा.

मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात नदीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बरीच वर्षं पहिली-दुसरीच माझ्याकडं. यंदा दुसरीला ३४ पोरं आहेत. आपल्याकडं आषाढातल्या बेंदराला मातीचे बैल करतातच, शाळेत पण दरवर्षी करतो, प्रत्येकाला एक मातीचा गोळा दिला की ज्याचा त्याचा बैल. यंदा मी तसं केलं नाही. कुंभारवाड्यातनं दोन घमेली माती आणली, आठ गट केले, चार-चार पोरांचे (दोन गटांत पाच पाच), आणि सांगितलं, प्रत्येक गटानं मिळून एक बैलजोडी करायची, अट एकच, जोडी एका जूखाली उभी राहिली पाहिजे. जू म्हणजे आइस्क्रीमची काडी.

पहिले पंधरा मिनिटं नुसता कालवा. सगळे बैल पडायला लागले. "बाई, ह्यो बसतोय की खाली!" पाय बारीक केलेले, अंग जड. मी काही बोलले नाही. एक मुलगी आहे, वर्गात फार बोलत नाही, घरी दोन म्हशी आहेत तिच्या, ती म्हणाली, "म्हशीचं पाय बारीक असत्यात पण त्यात हाडं हायत, मातीत हाडं कुठं हायत?" मग त्या गटानं पायात खराट्याच्या काड्या घातल्या. पाच मिनिटांत ही बातमी आठही गटांत पोचली आणि शाळेचा खराटा निम्मा झाला. हे मी शिकवलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं आणि संध्याकाळपर्यंत विसरून पण झालं असतं.

खरी मजा उंचीवर आली. एका जूखाली उभं करायचं म्हणजे दोन्ही सारखे पाहिजेत. एका गटात दोघं एक बैल करत होते, दोघं दुसरा. ह्यांनी ठरवलं चार बोटं उंच. त्यांनी पण चार बोटंच. उभे केले तर एक मोठा, एक बारका. मग भांडण. "तू चुकीचं मोजलास." "मी चार बोटंच मोजलीत, हे बघ." "मी पण चारच!" दहा मिनिटं हे चाललंय, दोघं पण खरं बोलतायत आणि बैल तर खोटं बोलत नाहीत. शेवटी एकानं दुसऱ्याचा हात धरून आपल्या हाताशेजारी ठेवला आणि गप्पच झाला. "ह्याची बोटं जाडी हायत बाई." मग एक काडी मोडली, म्हणाले आता बोटं नकोत, दोघांनी ह्या काडीएवढा करायचा.

सात वर्षांच्या पोरांनी माझ्यासमोर मोजपट्टी का लागते ते शोधून काढलं. वीत, बोट, पाऊल यानं मोजायचा पाठ आम्ही दरवर्षी घेतो, वहीत उत्तरं लिहून घेतो, पण बोटं वेगळी म्हणून काम अडलंय हा अनुभव त्या वहीत कुठं असतो? आणि नीट बघा, प्रत्येकाला आपापला गोळा दिला असता तर हे झालंच नसतं. ज्याचा बैल त्याचा, चार बोटं म्हणजे चार बोटं, कुणी कुणाला विचारलं नसतं. दुसऱ्याच्या बैलाशी आपला बैल जुळवायचा होता म्हणून मोजमापाची गरज पडली.

माझं सगळं म्हणणं ह्याच एका गोष्टीभोवती आहे. लहान वर्गात हातानं करून शिकणं म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर साहित्य येतं, किट येतं, रंगीत ठोकळे, प्रत्येक मुलाला एक डबा. मला आता ठाम वाटतं की प्रत्येकाला एक देऊच नये. चौघात एक द्यावं. वस्तू एकटी हातात असली की पोर गप्प खेळतं, वस्तू चौघात असली की बोलावं लागतं, मागावं लागतं, थांबावं लागतं, "मी असं का करतोय" हे दुसऱ्याला पटवून द्यावं लागतं. आणि सहा-सात वर्षांच्या पोराला कारण सांगायला लागणं यापेक्षा मोठा अभ्यास मला माहीत नाही.

हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही, पुरानं शिकवलं. ऑगस्ट २०१९. आपल्याकडं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाळेत पाणी होतं. परत गेलो तेव्हा कपाटातलं एकूण एक साहित्य गेलं होतं, मणी, कार्डं, गोष्टीची पुस्तकं, इतक्या वर्षांत एकेक करून जमवलेलं सगळं. मी त्या चिखलात उभी राहून रडले होते. शाळा सुरू झाली तेव्हा वर्गात वर्षभरासाठी सात कात्र्या, थोडे चिंचोके आणि काड्या, बस्स. एका कात्रीला चार-पाच पोरं. मला वाटलं आता मारामाऱ्या होणार, आणि पहिले आठ दिवस झाल्या पण. नंतर मात्र एक धरणार, एक कापणार, एक सांगणार "अजून थोडं डावीकडं", अशी आपोआप वाटणी व्हायला लागली. त्यानंतर मदत आली, चांगली भरपूर आली, देणाऱ्यांचे उपकार विसरणार नाही. पण कात्र्या मी वाटताना चौघात एकच ठेवली ती आजपर्यंत.

गणिताचं पण सांगते. मराठी आकड्यांचं एक दुखणं पहिली-दुसरी शिकवणाऱ्या सगळ्यांना माहितीय. त्रेसष्ट म्हणलं की कानाला तीन आधी ऐकू येतो आणि पोर बिचारं ३६ लिहून मोकळं होतं. एकोणतीस म्हणजे तर तिसाला एक कमी, शब्दात तीस आहे आणि लिहायचे २९. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" असं म्हणायचं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, टीव्हीवर चर्चा झाल्या. मला दोन्ही बाजू कळतात. पण वर्गात माझा अनुभव असा की दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या चौघात मधे ठेवल्या, एकानं आकडा बोलायचा, दुसऱ्यानं काड्या उचलायच्या, तिसऱ्यानं पाटीवर लिहायचं, चौथ्यानं बरोबर का चूक ते सांगायचं आणि दर वेळी कामं बदलायची, की पंधरा-वीस दिवसांत त्रेसष्ट म्हणलं तरी हात आधी सहा गठ्ठ्यांकडं जातो. कारण चूक झाली तर ती मी लाल पेननं दाखवत नाही, शेजारचा दाखवतो, "अरे सहा गठ्ठं हायत, तीन कुठं?" आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नाही.

आता अडचणी. त्या सांगितल्या नाहीत तर हे लिहिणं खोटं होईल. गटात एक दांडगं पोरगं असतंच जे सगळं आपल्या हातात घेतं. त्यासाठी आमच्या वर्गात नियम आहे, ज्यानं कल्पना सांगितली त्यानं हात लावायचा नाही, दुसऱ्याकडून करून घ्यायचं. त्यानं बराच फरक पडतो. गप्प राहणाऱ्या पोराचं अवघड आहे. गेल्या वर्षी एक मुलगा दोन आठवडे गटात नुसता बसून होता आणि माझ्या लक्षात आलं नाही, वर्ग बोलतोय, हलतोय ह्याच्या आनंदात मी त्याच्याकडं बघितलंच नाही. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून रोज चार नावं ठरवून त्या चौघांकडंच बघते, बाकीच्यांकडं नाही. कायद्यानं तीस पोरांमागं एक शिक्षक म्हणलंय, माझ्याकडं चौतीस, त्यात माहिती भरायची, ऑनलाइन नोंदी, सर्व्हे. कालवा झाला की शेजारच्या वर्गाला त्रास होतो हे पण खरं आहे, त्या बाईंची मी माफी मागत असते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, थर्माकोलचं घर करून आणा, पर्यावरणाचं मॉडेल करून आणा हे मी ह्यात धरत नाही. ते आई रात्री अकरा वाजता करते. पोराचा हात त्याला लागलेला नसतो, मग फोटो ग्रुपवर येतो, सगळे छान म्हणतात. पालकांनो, कृपा करून असलं करू नका आणि शाळेनं मागितलं तर नाही म्हणा. वाकडं तिकडं चालेल, त्याचं त्याला करू दे.

बेंदराच्याच आठवड्यात एक पालक भेटायला आले. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत (धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात) आहेत, पहिली पाळी करून थेट आलेले, अंगावर काळी वाळू तशीच. म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण पोरगं म्हणतंय आज माती, उद्या पण माती. वही कोरी हाय. आमी शिकलो न्हाई, त्यानं तरी शिकावं म्हणून बोलतोय." मला राग आला नाही. ज्या माणसाला वही मिळाली नाही त्याला पोराची भरलेली वही बघायची असते, ह्यात त्यांचं काय चुकलं? मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि ती तिरक्या जूची जोडी दाखवली. सांगितलं, ही तुमच्या मुलाच्या गटाची. ओली असताना काडीनं मोजून दोन्ही अगदी सारखे केले होते, मी स्वतः बघितलंय, जू सरळ होतं. वाळल्यावर एक बारका झाला. आता चौघं रोज भांडतायत की असं का झालं. एक म्हणतो तो उन्हाच्या बाजूला होता. दुसरी म्हणते त्यात पाणी जास्त घातलंतं.

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी जास्त असंल तर जास्त आकसणार की. आमच्यात पण पॅटर्न जरा मोठाच करत्यात, वतलेला माल गार झाला की आकसतो. त्याचं माप ठरल्यालं असतंय." मला काय बोलावं सुचेना. मी म्हणलं, दादा, शनिवारी सकाळी येऊन एवढंच पोरांना सांगाल का? तर म्हणाले, "मी काय सांगू बाई, मी चौथी पास." आले पण. पॅटर्न म्हणजे वाळूत ज्याचा ठसा उठवून त्यात धातू ओततात तो नमुना, ते हातानं दाखवलं, अर्धा तास पोरं जागची हलली नाहीत. त्यांच्या मुलाची मान त्या दिवशी जी वर झाली ती अजून खाली आलेली नाही. वहीचं म्हणाल तर त्या गटानं त्या दिवशी आपणहून सहा ओळी लिहिल्या, अशुद्ध आहेत, पण आपल्या डोक्यानं लिहिलेल्या आहेत.

काही लोकांना वाटतं हे सगळं नवीन खूळ आहे. अहो, बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी पोरांबरोबर पानं, बिया, शिंपले घेऊन हेच करत होत्या. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ ला सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते आनंदानं, स्वतः अनुभव घेऊन शिकण्यासाठीच. शाहू महाराजांनी १९१७ ला ह्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत आलंच पाहिजे म्हणून. पोर आलं. आल्यावर पाच तास हाताची घडी घालून बसवायचं का, हा पुढचा प्रश्न आपला आहे. आणि सरकारी कागद पण आता आमच्या बाजूनं बोलतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा धरलाय, त्यात पहिली-दुसरी येतात, खेळातनं आणि कृतीतनं शिकवा असं स्वच्छ लिहिलंय. लहान पोरांना वाचता आणि आकडेमोड करता यावी म्हणून केंद्राचं निपुण भारत अभियान २०२१ पासून चालू आहे. पण तपासणीला आलं की पहिल्यांदा वहीच उघडली जाते. खिडकीतले बैल कुणी विचारत नाही. ते विचारायला लागतील तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी बायांना धीर येईल, कारण करायची इच्छा खूप जणींना आहे, भीती वहीची आहे.

तर आता पोरांचं ठरलंय. सारख्या मापाचे दोन गोळे करायचे, एकात पाणी जास्त, एकात कमी, दोन्ही सावलीत वाळवायचे, म्हणजे उन्हाचं भांडण मिटेल. आणि वाळायच्या आधी आणि नंतर वजन करायचं, कारण एकीनं विचारलंय, "बाई, त्यातलं पाणी गेलं कुठं? गेलं तर गोळा हलका व्हायला पायजे." आमच्याकडं हँगरला दोन करवंट्या बांधून केलेला तराजू आहे, त्यावर बटाटा आणि चिंचोके चालतात, पण एवढा बारीक फरक त्याला कळत नाही, कालच करून बघितलं.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा कुठंही ज्यांच्या दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आलाय आणि जुनी तागडी माळ्यावर पडून आहे त्यांनी कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. सोबत मापं असली तर फार बरं, शंभर ग्रॅम, पन्नास ग्रॅम, त्याखालची असली तर उत्तमच. तागडी एकच पाहिजे.