‘कॅरिबियनमध्ये वेटसूट कशाला?’ – एका फॉरवर्डला उत्तर

डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये क्रूझच्या सल्ल्यांचे फॉरवर्ड फिरू लागतात. त्यातला एक दरवर्षीचा: “कॅरिबियनचं पाणी बारा महिने कोमट. स्नॉर्कलिंगला वेटसूट म्हणजे फुकटचं ओझं. रॅशगार्ड घाला, पाच मिनिटांत सवय होते. थंडी वाजलीच तर जोरात पोहा. मालवणला नाही का डिसेंबरात केलं?” खाली कुणीतरी ‘उतरण्याआधी एक पेग’ जोडतंच. (वेटसूट म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा घट्ट रबरी पोशाख; रॅशगार्ड म्हणजे पोहताना घालायचा पातळ, ताणणारा शर्ट.)

“बारा महिने कोमट.” मायामी किंवा पोर्ट कॅनव्हेरलहून निघणाऱ्या तीन-चार दिवसांच्या बहुतेक क्रूझ बहामाजला जातात, आणि बहामाज कॅरिबियन समुद्रात नाहीच, अटलांटिकात आहे. बहामाजची राजधानी नासाऊला जानेवारी-फेब्रुवारीत पाणी साधारण 23-24 अंश सेल्सिअस असतं. फ्लोरिडाच्या टोकाच्या ‘की वेस्ट’ बेटाला आणखी गार, 21 च्या आसपास. कॅरिबियनमधल्या कोझुमेल (मेक्सिको) आणि ग्रँड केमन या बेटांना मात्र 26-27. म्हणजे फॉरवर्ड लिहिणारा कोझुमेलला जाऊन आला असेल, तर त्याचं त्याच्यापुरतं खरं.

हे आकडे वाचून ‘24 म्हणजे छानच की’ असं वाटतं, कारण आपण हवेचा हिशोब लावतो. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. उघड्या अंगाने स्वस्थ तरंगणाऱ्या माणसाची ऊब टिकायला पाणी 33 ते 35 अंश लागतं. त्याखाली प्रत्येक मिनिट उधारीवर. 24 अंशांत बारीक अंगाचा माणूस अर्ध्या तासात कुडकुडू लागतो. लहान मुलं तर त्याआधीच, कारण वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त आणि चरबी कमी.

मालवणची तुलना इथेच कोलमडते. तिथे डिसेंबरात पाणी 27-28 अंशांचं, पाण्यातला मुक्काम पंधरा-वीस मिनिटांचा आणि वर कोकणातलं ऊन. क्रूझच्या एक्सकर्शनमध्ये, म्हणजे बंदरावरच्या सहलीत, दोन ठिकाणी मिळून पाऊण तास ते तास पाण्यात जातो आणि मधे कॅटामरानवर (जोड-सांगाड्याच्या बोटीवर) ओल्या अंगाने वारा खावा लागतो.

“पाच मिनिटांत सवय होते.” सवय होते ती कातडीच्या जाणिवेला. गारव्याची पहिली बोच ओसरते, ऊब जायची थांबत नाही. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणणारा माणूस वीस मिनिटांनी एकाएकी गारठलेला दिसतो. थरथर सुरू होण्याची वाट पाहू नका. अंगठा करंगळीला सहज लागत नसेल, मास्कचा पट्टा नीट ओढता येत नसेल, तर बाहेर या. मुलांचे ओठ निळे पडताहेत का, ते दर दहा मिनिटांनी बघा. ‘थंडी वाजतेय का?’ असं विचारून उपयोग नाही. मासे दिसत असताना कुठलं मूल हो म्हणेल?

“जोरात पोहा.” हातपाय मारले की त्यांच्याकडे रक्त जास्त जातं आणि अंगालगतचा जरा ऊबदार झालेला पाण्याचा थर ढवळून निघतो. सडपातळ माणसाची ऊब अशाने बहुधा वाढण्याऐवजी लवकर संपते; गारठलेल्या पोटरीत गोळा येतो तो वेगळाच. शिवाय पायातल्या फिन्सची धडपड ऐकून मासे पळतात, मग उतरलो कशाला?

“रॅशगार्ड घाला.” घालाच, पण उन्हासाठी. लायक्राचं कापड ऊब धरत नाही. सुती टी-शर्ट त्याहून वाईट: पाण्याबाहेर आल्यावर तो ओला राहतो आणि वाऱ्यात अंग आणखी गार करतो. ऊब धरतं ते निओप्रीन, म्हणजे वेटसूटचं फोमसारखं रबर, कारण त्यात वायूचे बंद बुडबुडे असतात.

कुठला सूट? 26-27 अंशांत मोठ्यांना 2 मिलिमीटरचा शॉर्टी, म्हणजे अर्ध्या बाह्या-पायांचा, पुरतो. नासाऊला किंवा की वेस्टला 3/2 चा पूर्ण सूट बरा: धडाला 3 मिलिमीटर, हातापायांना 2. मुलांना दोन्हीकडे पूर्ण सूट. ओझंच नको असेल तर निओप्रीनचा बिनबाह्यांचा व्हेस्ट रॅशगार्डच्या आत घाला. काहीच नसण्यापेक्षा खूप बरा.

माप चुकलं तर सगळं फुकट. सैल सूटमध्ये प्रत्येक हालचालीला मानेतून गार पाणी शिरतं आणि गरम झालेलं बाहेर जातं. घालून उकिडवे बसा: कंबरेच्या खळगीत पोकळी राहिली किंवा काखेत घड्या पडल्या, तर एक माप लहान घ्या. भाड्याच्या सुटांत नेमकं आपलंच माप संपलेलं असतं, म्हणून मुलांचे तरी घरून न्या. अंग कोरडं असतानाच चढवा. पायात प्लास्टिकची पिशवी घातली की सूट सरसर वर येतो. ओढताना नखं लावू नका, फाटतं. निओप्रीन तरंगतं खरं, पण ते लाइफ व्हेस्टच्या जागी नाही. व्हेस्ट वरून घालायचाच आणि पट्टे नव्याने आवळायचे.

“एक पेग.” दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात. गरम वाटतं, प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर जाते, आणि ओहोटीच्या ओढीचा अंदाजही चुकतो. पेग जहाजावर परतल्यावर.

फॉरवर्डमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, ते म्हणजे बोटीवरचा वारा. दोन थांब्यांच्या मधे सूट काढू नका, पण त्यावर विंडचीटर चढवा. ओल्या निओप्रीनवरूनही वारा गारवा करतो. ‘नॉर्ते’ आला, म्हणजे उत्तरेचा थंड वारा, की कोझुमेलचं पाणी फारसं बदलत नाही, पण बोटीवर बसवत नाही, आणि लाटा वाढल्या तर छोट्या बोटींना बंदी होते. परतीच्या प्रवासाआधी ओलं सगळं काढून कोरडा टी-शर्ट आणि कानटोपी. थर्मासात गोड चहा. फार थरथरत असाल तर उभ्याने कढत शॉवर घेऊ नका, चक्कर येते. आधी अंग पुसून, पांघरून बसा.

संध्याकाळी सूट गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून केबिनच्या बाथरूममधल्या दोरीवर टाका, रात्री एकदा सुलटा करा. बाल्कनीत नको, वाऱ्याने समुद्रात जातो. दुसऱ्या दिवशी दुसरं बंदर असेल तर तो सकाळी कोरडा हवा. ओला, गार सूट चढवायला मुलं तयार होत नाहीत.