निलगिरीचा नियम मर्टल बीच वृक्षाला लावू नये

ऑस्ट्रेलियातील जंगले आगीला सरावलेली असल्याने व्हिक्टोरिया राज्यातील शीत समशीतोष्ण वर्षावनही वणव्यानंतर आपोआप सावरेल, हे लेखातील विधान पटले नाही. ते निलगिरीच्या रानापुरते खरे आहे. माउंटन ॲश ही निलगिरी भीषण आगीत मरते, पण तिचे बी राखेत, उघड्या उन्हात जोमाने रुजते; या वर्षावनातील प्रमुख वृक्ष असलेल्या मर्टल बीचचे रोप मात्र सावलीत, बहुधा शेवाळाने मढलेल्या कुजक्या ओंडक्यावर उगवते, त्याचे बी फार लांब जात नाही आणि वणवे वरचेवर आले तर घळीतील त्याची जागा निलगिरी व वॅटल (ऑस्ट्रेलियातील बाभळी) बळकावतात. (सौम्य आगीनंतर काही खोडांना धुमारे फुटतात, हे मान्य.) व्हिक्टोरियातीलच ऑटवेच्या डोंगरातील एखाद्या वृक्षनेच्याचे खोड जवळून पाहावे: निथळत्या शेवाळात एका पेशीच्या जाडीची, आरपार दिसणारी इवल्या नेच्यांची पाने असतात आणि वरचे छत्र गेले की ती सर्वांत आधी वाळतात.

दुसरे म्हणजे मर्टल बीचला होणाऱ्या मर्टल विल्ट या बुरशीजन्य रोगाचा लेखात उल्लेखच नाही. ही बुरशी खोडाच्या जखमेतून शिरते आणि जुळलेल्या मुळांतून शेजारच्या झाडात जाते. त्यामुळे २०२४ च्या आरंभी राज्याच्या जंगलांतील व्यापारी लाकूडतोड थांबली, याचे आम्हा मेलबर्नकरांना कितीही समाधान असले, तरी रस्ता किंवा पायवाट रुंद करताना खरचटलेले एकेक खोड या रोगाला वाट करून देते.