खुलासा : टायरमधली हवा, २३० म्हणजे २३ नव्हे

‘गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर २३० लिहिलं असेल तर शून्य काढा, २३ हवा भरा,’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतोय. हे साफ चूक आहे, आणि जिवावर बेतू शकतं. पट्टीवरचे २३० हे किलोपास्कल, म्हणजे हवेचा दाब मोजायचं एक माप. पंपावरचा मुलगा ‘तीस की बत्तीस?’ विचारतो ते पीएसआय, त्याच दाबाचं दुसरं माप. किलोपास्कलला ६.९ ने भागा, म्हणजे २३० चे साधारण ३३ होतात. काही पट्ट्यांवर २.३ असतं, ते बार, दाबाचं तिसरं माप. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. २३ वर गाडी पळवली तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, रबर तापत जातं आणि भर वेगात टायर फुटू शकतो. तो निरोप तुम्ही पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.