लॅपटॉप रिकामा ठेवला तं बॅटरी खात नाही म्हणे – थोडा खुलासा

आपल्या दर्यापूरच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की सगळे कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) रिकामे झाले की कर्नल (सिस्टिमचा मुख्य प्रोग्राम) एका फटक्यात ओळखतो अन् मशीनच बंद करतो, म्हणून लोडशेडिंगात लॅपटॉप तसाच चालू ठेवा. असं नाही भाऊ.

एकेक कोर रिकामा झाला की तो झोपतो, हे खरं. पण स्क्रीन, रॅम, वायफाय चालूच असते ना, बॅटरी तं जाईलच.

अन् "सगळे रिकामे" हे ओळखणं लय किचकट आहे. वावरातले मजूर झोपले का पाहत तुम्ही शेवटच्या धुऱ्यावर पोचता, तवरक पहिला उठून बसलेला असतो, तसंच. मंग किती कोर जागे हे मोजणारा एकच काउंटर ठेवा म्हणाल, तं मोठ्या मशीनवर सारे कोर त्याच्यावरच तुटून पडतात अन् सगळं स्लो होते. म्हणून 2013 मधी कर्नलवर काम करणारे पॉल मॅकेनी यायनं लिनक्स (विंडोजसारखीच एक सिस्टिम) 3.12 मधी वेगळी सोय टाकली होती, पायरी पायरीनं. रिकामं दिसलं, थोडा वेळ थांबलं, अजूनही रिकामंच आहे का पुन्हा पाह्यलं, तवा कुठं पक्कं. मधात एखादा कोर उठला की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यायसाठी वेळ सांभाळणाऱ्या एका कोरलेही झोपता यावं म्हणून हे सारं होतं, नाहीतर त्याले टिक-टिक चालूच ठेवा लागते.

गंमत म्हणजे कोणी वापरलंच नाही, 2017 मधी काढून टाकलं.

लाईट गेली तं लॅपटॉप सरळ सस्पेंड करा, म्हणजे झोपवून ठेवा.