कॅल्शियम कुठलं देता?

ग्रेट डेन या थोराड जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरात आलं, की सोसायटीत प्रत्येकाच्या अंगात जनावरांचा डॉक्टर संचारतो. लिफ्टमध्ये पहिला प्रश्न: "कॅल्शियम कुठलं देता?" काहीच नाही म्हटलं, की समोरचा आधी आमच्या बंड्याच्या पायांकडे बघतो, मग माझ्या चपलांकडे. ऐपत चपलांवरून कळते म्हणे.

खरा डॉक्टर मात्र म्हणाला, "लार्ज ब्रीड पपीचं खाणं मोजून घाला. वरून कॅल्शियम अजिबात नको." तपासणीचे पैसे दिले आणि औषधाच्या जागी कोरा कागद घेऊन आलो. अण्णांना हे पचलं नाही. "फी घेतली आणि साधं टॉनिकही लिहून दिलं नाही?"

त्यांना समजावण्यात संध्याकाळ गेली. लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम नाकारूच शकत नाही, येईल ते शोषत बसतं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्याच पिल्लांना भरपूर कॅल्शियम घालून पाहिलं, तर हाडं बळकट व्हायची सोडून बिघडली. म्हणून या पिल्लांच्या खाण्यात, पाण्याचा अंश वगळून, कॅल्शियम १.८ टक्क्यांच्या वर नको.

"आपला मोती दूध-पोळीवर जगला," आई म्हणाली. मोती गावठी होता, मांजराहून जरा मोठा. बंड्या साठ किलोच्या वाटेवर आहे, आणि ती वाट त्यानं सावकाश चालावी यातच त्याच्या सांध्यांचं भलं आहे. त्याच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, हे तर मी आईला अजून सांगितलेलंच नाही. आमच्या घरात बरगड्या लागणं ही बदनामी असते.

अण्णांनी मग च्यवनप्राशचा चमचा पुढे केला. "व्हिटॅमिन सी!" कुत्र्याचं यकृत ते स्वतःच बनवतं, असं सांगितल्यावर ते बंड्याकडे बराच वेळ आदरानं बघत राहिले. चमचा त्यांनी स्वतः चाटला.

एवढ्यात भाऊजींनी प्रेमानं एक भलामोठा डबा पाठवला. वर पैलवान कुत्र्याचं चित्र, आत कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि सांध्यांसाठी म्हणून देतात ते ग्लुकोसामाइन. यातलं डी जास्त झालं तर शरीरात साठून विषासारखं बाधतं. डबा फ्रीजवर चढवला.

परवा अण्णा चष्मा लावून त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचत होते. त्यांचे गुडघे दुखतात.

"तीस किलोच्या कुत्र्याला दोन चमचे लिहिलंय," ते हळूच म्हणाले. "बासष्टला किती रे?"